खालचं धुकं

उजवा गाल बधिर करून, औषध चढेपर्यंत बाहेर बसा म्हणून शिनोला पाठवलं, तेव्हा समोरच्या भिंतीवर तिला तिच्या वडिलांचा डोंगर दिसला. ओळखायला क्षणभर वेळ लागला, कारण डोंगराला पाय नव्हते. शिखर होतं, शिखराखालचे वाकडे पाइन होते, कड्याची कोरडी, खरखरीत काळी धार होती. आणि जिथून कडा विरायला लागतो, काळ्याचं राखाडी आणि राखाडीचं काहीच नाही होत जातं, नेमकी तिथे चौकटीची चकचकीत पट्टी आली होती. पट्टीखाली सोफा, सोफ्यावर मासिक चाळणारी एक बाई. माणसाहून उंच चित्र होतं ते. गुंडाळून ठेवायचं, वर्षातून काही दिवस उलगडून टांगायचं. त्याचा खालचा सगळा भाग कापून उरलेलं कुणीतरी काचेत घातलं होतं, आणि डोंगर आता त्या बाईच्या डोक्यावर टोपीसारखा बसला होता. शिनो उठून जवळ गेली. गाल फुगल्यासारखा वाटत होता, ओठ कुणा दुसऱ्याचा असावा तसा लोंबत होता. तिने काचेच्या कडेशी बोट नेलं. कागदाची कड सरळ होती, धारदार पात्याची, अगदी सफाईदार. काउंटरवरची मुलगी उत्साहाने पुढे आली. "छान आहे ना? तुमच्याच वडिलांचं, नाही का? तुमचे बंधू, इनाबे गुरुजी, स्वतः आले होते जागा बघायला. आधी लांबलचक होतं हो, आणि आमचं छत हे असं बुटकं. तर गुरुजी म्हणाले, खाली नुसता कोरा कागद आहे, तो काढला तरी चित्राला काही होत नाही. एवढा मोठा माणूस, पण किती साधा! दुसऱ्या कुणी चित्राला हात लावू दिला नसता." शिनोने 'कोरा?' असं विचारलं, पण तोंडातून 'कोला' असं काहीतरी ओलं बाहेर पडलं आणि हनुवटीवर लाळ ओघळली. "बोलू नका, जीभ चावली जाईल," मुलगी म्हणाली आणि कागदी रुमाल पुढे केला. मग आत बोलावणं आलं, आणि दात कोरला जात असताना शिनो छताकडे बघत पडून राहिली. छत खरंच बुटकं होतं. त्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

कोरा कागद. इनाबे घराण्याच्या धुक्याची सगळ्या क्योतोत ख्याती होती आणि ते धुकं म्हणजे कोरा कागदच होता, हे काही गुपित नव्हतं. धुकं कुणीच रंगवत नाही. डोंगर रंगवतात आणि थांबतात, जिथे थांबतात तिथे धुकं असतं. पण थांबलेल्या शाईची कड कापल्यासारखी दिसली तर ते धुकं होत नाही, ती नुसती उरलेली जागा होते. ती कड विरावी म्हणून आधी तिथे पाणी पसरावं लागतं; नुसतं पाणी, पसरट कुंचल्याने, कुठे दाट कुठे पातळ. मग वरून शाई येते, पाण्याच्या काठाला लागते आणि पुढे आपोआप जाते, पाण्याला हवं तिथपर्यंत. चित्र वाळलं की पाण्याची खूण राहत नाही. शाई बाबांची होती. पाणी शिनोचं. आई गेल्यावर कधीतरी, ती शाळेत असताना, बाबांनी तिच्या हातात तो कुंचला दिला, आणि त्यानंतर कामाच्या खोलीत तिला नाव उरलं नाही. "पाणी!" अशी हाक यायची, चहा मागावा तशी, आणि ती स्वयंपाकघरातला मुळा तसाच टाकून हात पुसत धावायची. बाबा कागदावर नखाने रेघ ओढायचे. इथपर्यंत पाणी, पुढे नाही. रेघ ओलांडली की कुंचल्याचा दांडा बोटांच्या सांध्यांवर बसायचा. फार जोरात नाही, पण थंडीत लागायचा. थंडीत आणखी एक करावं लागे. शेगडीने हवा कोरडी पडली की कागदावरचं पाणी शाई यायच्या आत उडून जाई, म्हणून कागदाखाली अंथरलेला लोकरीचा जाड कपडाच तेवढ्या जागी भिजवायचा. मग ओल खालून हळूहळू चढत राहते. बाबांना ही युक्ती आवडायची नाही. "वरून कोरडा दिसतो आणि पोटात ओला असतो," ते म्हणायचे, "असल्या कागदावर विश्वास ठेवू नये." मला विचारल्याशिवाय कपडा भिजवायचा नाही, असा दम त्यांनी तिला भरला होता. शाईच्या कुंचल्याला तिने हात लावायचा नाही, हे मात्र त्यांना कधी सांगावंही लागलं नाही.

आणि हे चित्र. हेच, ज्याचे पाय कापले. त्या दिवशी सकाळी बाबांनी सहज, लोणच्याची वाटी पुढे सरकवत सांगितलं होतं की घराण्याचं नाव शूगो चालवेल. शूगो, तिचा धाकटा भाऊ, तेव्हा गुडघे फोडून घरी येणारा पोर होता, शाई घोटायला बसवलं तर झोपायचा. "आणि मी?" शिनोने विचारलं होतं. एकोणीस वर्षांची होती ती, तिला वाटलं होतं विचारता येतं. "तू आहेसच की," बाबा म्हणाले. मग दुपारी 'पाणी!' अशी हाक आली, नखाची रेघ ओढली गेली, आणि शिनोने रेघ ओलांडली. चुकून नाही. रेघेवर कुंचला थांबलेला तिला अजून आठवतो, केसांच्या टोकाशी पाण्याचा फुगवटा, आणि मग तिने तो खाली ओढला, खाली, आणखी खाली, डोंगराच्या पायथ्याला जिथे झोपडी आणि पूल यायचा होता ती सगळी जागा भिजवून टाकत, थेट कागदाच्या कडेपर्यंत. बाबांच्या हातात शाईने भरलेला कुंचला होता. दांडा कधी बसतो म्हणून तिने बोटं आखडून घेतली. दांडा आला नाही. बाबांनी बघितलं, कुंचला तसाच धरून बराच वेळ बघितलं, आणि मग कडा वरून सोडला. तो विरत विरत खाली गेला आणि पोचलाच नाही कुठे. झोपडी आली नाही. पूल आला नाही. बाबा उठले. रात्री जेवताना त्यांनी भाताची दुसरी वाटी मागितली, जी ते कधी मागत नसत. एवढंच. उभ्या आयुष्यात तिला मिळालं ते एवढंच, भाताची दुसरी वाटी. पण ते चित्र होतं, आणि त्याच्या खालच्या भागात तिने स्वतः ठरवलेलं, कुणी न आखलेलं, तिचं एकटीचं धुकं होतं. ती वारल्यावरही ते राहणार होतं. ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायची गरज काय, ते होतं ना. आता ते नव्हतं. आता तिथे दाताच्या डॉक्टरचा सोफा होता.

ती बसमध्ये बसली तेव्हा अर्धं तोंड मेलेलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यात ती दात आवळत होती. कामो नदीवरून बस गेली. उत्तरेकडचे डोंगर खरोखरच धुक्यात होते आणि तिला त्यांच्याकडे बघवेना. फुकटचं धुकं. शूगोच्या घराशी उतरली, जे तिचंही घर होतं, जिथल्या मागच्या खोलीत ती लग्न न करता राहिली होती, शूगोचं लग्न होऊन मात्सुए येईपर्यंत. मग तिला जवळच दोन खोल्या बघून दिल्या गेल्या, कारण मात्सुएच्या मते वन्संना शांतता हवी होती. मात्सुएनेच दार उघडलं. "अगं बाई, वन्सं! तरीच म्हटलं कुणाची छत्री. किती टिकते हो तुमच्याकडे वस्तू! आमच्याकडे मेलं सगळं नवंनवं लागतं." शिनो तिच्या बाजूने आत गेली. शूगो कामाच्या खोलीत होता, बाबांच्या जागेवर, बाबांच्याच गादीवर. देह सुटला होता, आणि मान वळवायची झाली की तो सगळा वळायचा. "ये ताई. गालाला काय झालं? बरं झालं आलीस, शनिवारचं बोलायचंच होतं." शिनो उभीच राहिली. जीभ जड होती, म्हणून ती एकेक शब्द तोडून बोलली. "बाबांचं चित्र कापलंस." "कुठलं? हां, ते. काजितानी डॉक्टरांचं. अगं, चित्रकार मंडळाच्या समितीवर आहे तो माणूस, नाही कसं म्हणणार? आणि कापलं म्हणजे काय, खाली होतं काय त्यात? कोरा कागद." "धुकं होतं." "तेच ते." तो हसला, त्याला खरंच वाटत होतं की दोघं एकच बोलताहेत. "एवढंच होतं तर बाबांनी खाली सही नसती का केली? त्यांनी वर, पाइनच्या शेजारी केली. त्यांनाही माहीत होतं की खालचा भाग काही धड नाही. एखादी झोपडी तरी टाकायची." शिनोच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि बधिर गालात मात्र काहीच झालं नाही, तो तसाच मऊ, मूर्ख लोंबत राहिला. "तुकडा कुठाय?" "कसला तुकडा?" "कापलेला." शूगोने हाताने दाराकडे, शिकाऊ मुलांच्या खोलीकडे दाखवलं. "पोरांना दिला शाई तपासायला. जुना कागद शाई काय सुरेख पितो, नवीन कागदाला ते येतच नाही. संपलाही असेल एव्हाना. कशाला हवा होता?" मात्सुए चहा घेऊन आली होती. "वन्संना आठवण म्हणून ठेवायचा असेल," ती म्हणाली, "नाहीतर त्यांच्याकडे बाबांचं आहे काय?" शिनोने चहा घेतला नाही. गाल बधिर असताना चहा घेतला की तो कोपऱ्यातून गळतो, आणि या दोघांसमोर तिला गळायचं नव्हतं. "शनिवारी सकाळी लवकर ये," शूगो मागून म्हणाला. "आणि राखाडी घाल. ते काळं नको, लोकांना वाटतं कुणी गेलंय."

शनिवार म्हणजे डोंगराच्या पायथ्याच्या मठातला समारंभ. मठाने नवीन दालन बांधलं होतं, देणगीदार येणार होते, आणि त्यांच्यासमोर शूगो एका बैठकीत मोठं चित्र काढून मठाला देणार होता. चित्रकार मंडळाची म्हातारी मंडळी समोर बसणार होती. त्यात एनोकी होते, जे मंडळाचं अध्यक्षपद वर्षानुवर्षं दाबून बसले होते आणि आता कुणाला तरी सोडणार होते. ते बाबांच्या बरोबरीचे, आणि बाबांशी उभा दावा मांडलेले. शूगोला ती खुर्ची हवी होती. यात शिनोचं काम नेहमीचंच: पाहुणे शेजारच्या खोलीत चहा आणि गोड वड्या खात असताना बंद दाराआड कागद भिजवायचा आणि मग भिंतीला टेकून बसायचं, शाई घोटणारी बाई म्हणून. कागदावरच्या पाण्याची चकाकी गेली की दार उघडायचं. बाबांच्या वेळेपासून असंच चालत आलं होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, फार कशाला, तिलाही नाही. आणि ह्याचाच तिला आता संताप येत होता. ती दोन खोल्यांच्या घरात भिंतीकडे तोंड करून पडून राहायची आणि जिभेने नव्याने भरलेल्या दाताची कड चाचपायची. तो अजून आपला वाटत नव्हता. जाऊच नये. नाही गेली तर शूगो दुखणं सांगेल, कोरड्या कागदावर काहीतरी खडकाळ, मर्दानी काढून वेळ मारून नेईल आणि लोक म्हणतील, वा, नवीन वळण. जावं आणि पाणी लावू नये. जावं आणि सगळाच कागद भिजवून ठेवावा, पहिल्याच फटकाऱ्याला डोंगराचा चिखल होईल. हे तिला फार आवडलं. शूगोची मान वळताना दिसली, सगळ्या देहासकट. ते तिने मनात पुन्हा पुन्हा काढून पाहिलं, पण दर वेळी चिखल झालेला कागद बघून तिला शूगोऐवजी कागदाचंच वाईट वाटायचं. राग डोक्यात होता, तो हातात उतरत नव्हता. हात बाबांचेच राहिले होते, दांडा खाल्लेले, आणि त्यांना वाईट पाणी लावता येत नव्हतं. ह्या हातांचाही तिला तिटकारा आला.

शनिवारी ती राखाडी घालून गेली. दालन नव्या लाकडाच्या वासाने भरलेलं होतं आणि पाहुण्यांना गारठा लागू नये म्हणून चारी कोपऱ्यांत रॉकेलच्या शेगड्या फणफणत होत्या. शूगो दारात वाकून वाकून स्वागत करत होता. शिनोने हवेत हात धरला. कोरडी, बाबांना न आवडणारी हवा. तिने लोकरीचा जाड कपडा अंथरला, बादली ओढली, आणि चित्राच्या मध्ये जिथे धुकं येणार होतं तो पट्टा कपड्यावर ओंजळीने भिजवला. हे करणं भागच होतं. बाबा असते तर त्यांनाही हेच करावं लागलं असतं. मग ती खाली डाव्या कोपऱ्याशी आली. इनाबे घराण्याची माणसं इथे सही करतात. एकाच चित्रात बाबांनी ती वर केली होती, पाइनच्या शेजारी, आणि का केली होती हे ह्या क्षणापर्यंत तिच्या ध्यानात आलं नव्हतं. खालच्या जागेवर त्यांनी स्वतःचं नाव घातलं नव्हतं. खालचा भाग धड नाही म्हणून नव्हे. तिची जागा तिला सोडून ते वर सरकले होते. ती गुडघ्यांवर तशीच बसली. पण ते कळणंही लगेच कडू झालं, कारण ती सोडलेली जागाही आता पोरांनी शाईने बरबटून टाकली होती, आणि म्हातारा हे तोंडाने सांगून मेला असता तर त्याचं काय जाणार होतं? तिने ओंजळ भरली आणि त्या कोपऱ्यात ओतली. आणखी एक ओतली. कपड्याने ती मुकाट पिऊन टाकली. वर मोठा कागद अंथरला, कडा दाबल्या. वरून स्वच्छ, कोरडा, पांढरा.

शूगो आत आला, घाईने दार लावलं, नखाने रेघ ओढली. "इथपर्यंत. उगाच वाढवू नकोस." शिनोने पसरट कुंचला भिजवला आणि पाणी लावायला सुरुवात केली. चांगलं लावायचं नाही असं तिने ठरवलं नव्हतं आणि चांगलं लावायचं असंही ठरवलं नव्हतं, पण तिने आयुष्यात लावलं त्यातलं सगळ्यात चांगलं पाणी ते होतं. रेघेशी ती थांबली, अगदी केसावर. शूगोने बघितलंही नाही. तो आरशात गळपट्टी बघत होता. चकाकी गेली, दार उघडलं, माणसं आली, उशांवर बसली. शूगोने बाबांसारखा श्वास घेतला, बाबांसारखा कुंचला बुडवला आणि शिखरापासून खाली यायला लागला, आणि कडा पाण्याला लागला. दालनात कुणीतरी नकळत श्वास आत ओढला. डोंगर निघून जात होता. मठाच्या प्रमुखांनी हात जोडले. "हे मात्र तुमच्या घराण्याचंच," ते म्हणाले, आणि शूगोने नम्रपणे मान खाली घातली. शिनो भिंतीशी, शाईच्या दगडावर हात ठेवून, डाव्या कोपऱ्याकडे बघत होती. पांढरा होता. शूगोला वेळ लागत होता, पाइन घालताना तो फार नखरे करायचा, आणि तेवढा वेळ तिला हवाच होता.

शेवटी त्याने बारीक कुंचला घेतला. डाव्या हातात शिक्का तयार, लाल लावलेला. लोक पुढे झुकले, कारण सही करताना बघायला सगळ्यांनाच आवडतं. त्याने इनाबे लिहिलं, शूगो लिहिलं, झोकात, आणि हात उचलला. क्षणभर नाव काळं, टोकदार उभं होतं. मग त्याच्या कडांना बारीक केस फुटले. अक्षरं सुजली, एकमेकांना टेकली, त्यांच्यामधली जागा बुजली, आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर नाव राखाडी झालं, मग फिकं झालं, मग तिथे नुसता एक ढग उरला, वरच्या धुक्याचं पोर असावं तसा. शूगो शिक्का हातात धरून बसला होता. ओल्या कागदावर तेलकट लाल शाईचा शिक्का उठत नाही, हे त्यालाही माहीत होतं. कुणी खोकलं. देणगीदारांपैकी एकाला वाटलं की असंच असतं, तो टाळी वाजवायच्या बेतात होता, पण शेजाऱ्याने त्याचा हात दाबला. एनोकी उशीवरून उठले, काठी टेकत चित्राशी आले आणि वाकून कोपऱ्यात बोट लावलं. बोट ओलं झालं. ते त्यांनी सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"शूगो-सान, सहीच्या खाली पाणी कुणी लावलं?"

शूगोचं तोंड उघडलं. 'मी' म्हणावं, तर स्वतःच्या नावाखाली पाणी लावणारा चित्रकार म्हणून क्योतोभर हसं. त्याचा चेहरा लाल झाला, मानेसकट सगळा देह भिंतीकडे वळला आणि त्याने हात लांब करून, चोर दाखवावा तसं बोट दाखवलं. "तिनं! माझ्या बहिणीनं! मुद्दाम केलंय तिनं, मी सांगतो तुम्हाला, जळते ती माझ्यावर, लहानपणापासून जळते!" आवाज लाकडी छताला लागून परत आला. सगळी तोंडं वळली. इतकी वर्षं भिंतीशी बसून होती ती, पण एवढी माणसं आपल्याकडे बघताहेत असं कधी झालं नव्हतं. मात्सुएने पंख्याआड तोंड घेतलं. "निर्लज्ज," ती पुरेशा मोठ्याने म्हणाली.

"बहिणीनं," एनोकी म्हणाले. ते शिनोकडे बघत नव्हते, कागदाकडेच बघत होते. ओलं बोट कोपऱ्यातून निघालं आणि सावकाश वर गेलं, पायथ्यावरून, कडा विरला होता तिथे, आणि त्या सगळ्या पांढऱ्या विस्तारावर थांबलं. "बरं. आणि हे?"

शूगोचं बोट खाली आलं. शेगड्या फणफणत होत्या. मठाच्या प्रमुखांनी मघाशी जोडलेले हात सोडले. एनोकींनी पुन्हा विचारलं नाही. बोट तिथेच धरून ते थांबले, म्हाताऱ्या शत्रूला असतो तेवढा धीर धरून.

"तेही माझंच," शिनो म्हणाली. गाल आता बधिर नव्हता, आणि शब्द दालनाच्या पार दारापर्यंत स्वच्छ ऐकू गेले.